जपा आणि रेटा

मागच्या महिन्यात आत्याच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. जेवणं झाली, गप्पा रंगल्या आणि कुणीतरी मला विचारलं, "अजून जातेस का गं त्या जिमला?" म्हटलं, जाते की, आठवड्यातून तीन दिवस. झालं! पुढची वीस मिनिटं माझ्या उजव्या खांद्यावर परिसंवाद. "तुझा खांदा ना फाटलेला?" "या वयात कशाला ही थेरं?" "त्यापेक्षा चालत जा." "माझ्या नणंदेच्या जावेनं असंच केलं आणि..." (जावेचं पुढे काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.)

मी हसून वेळ मारून नेली. खरी गंमत पुढे आहे. निघताना आत्यानं गावाहून आलेल्या तांदळाच्या दहा-दहा किलोंच्या दोन पिशव्या बाहेर काढल्या. "तुझी आणि तुझ्या आईची. लिफ्ट बंद आहे गं, पण तुला काय, सवय आहे!" तिसऱ्या मजल्यावरून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन उतरताना एकीलाही माझा खांदा आठवला नाही.

तेव्हा वाद घातला नाही, म्हणून आज घालते. (आत्या, तू हे वाचतेस हे ठाऊक आहे. रागावू नकोस, तांदूळ छान निघाला. :) )

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. २०११ च्या जुलैत पावसात स्कूटर घसरली आणि मी उजव्या खांद्यावर पडले. खांद्याच्या गोळ्याला खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या सगळ्यात वरच्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, अर्धवट फाटला. डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "आता या हातानं जड काही उचलायचं नाही." किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, "दिवस नाही, कायमचंच समजा."

मी गुणी पेशंट. चार वर्षं ऐकलं. बादली डाव्या हातानं, कुकर डाव्या हातानं, बसमध्ये वरचा दांडा डाव्या हातानं. परिणाम? २०१५ साली उजवा हात वरच्या फळीवरच्या साखरेच्या डब्यापर्यंत जात नव्हता, उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं आणि जास्तीचं काम करून डावा खांदाही कुरकुरू लागला होता. चार वर्षं जपून मी दुखणं एकाचं दीड केलं.

माझा पहिला वाद आहे तो या 'जपा'शी. आपल्याकडे दुखण्यावर 'जपा' हे औषध फार स्वस्तात मिळतं. देणाऱ्याला काही खर्च नाही, घेणाऱ्याला कष्ट नाहीत आणि वर प्रेमाचा वर्ख! पण टेंडन हा काही माळ्यावरचा काचेचा सेट नव्हे, की फडक्यात गुंडाळून ठेवला म्हणजे टिकला. ती जिवंत गोष्ट आहे. ताण मिळाला की ती स्वतःला त्या ताणाजोगी बांधून घेते, मिळाला नाही की ढिली पडते. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, ते काही आठवड्यांत सुधारतात. टेंडनला तो कमी, म्हणून त्याला महिने लागतात. पण कामाला लावल्याशिवाय तो सुधारत नाही हे दोघांनाही लागू.

विश्रांतीचा मंत्र ज्यांनी जगाला दिला त्यांचंच उदाहरण घ्या. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि दुखरा भाग उंचावर ठेवणं, ही चतुःसूत्री 'राइस' या नावानं अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली लिहिली. पुढे जगभर प्रत्येक मैदानावर ती पाठ झाली. त्याच मर्किननी २०१४ साली जाहीरपणे लिहिलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. स्वतःचाच मंत्र मागे घ्यायला मोठं मन लागतं. आपल्याकडे मात्र तो अजून जपला जातोय.

दुसरी भीती 'फाटलेला' या शब्दाची. मीही त्या एका शब्दाला चार वर्षं घाबरून होते. मग कळलं, की १९९५ साली अमेरिकेत ९६ अशा लोकांच्या खांद्यांचा एमआरआय काढला होता, ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता. त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या कफमध्ये कमीजास्त फाट सापडली. साठीच्या पुढच्यांत ५४ टक्के! म्हणजे डोहाळजेवणाला जमलेल्या साठीपुढच्या बायकांपैकी निम्म्याजणींच्या खांद्यात काहीतरी फाटलेलं असण्याची शक्यता आहे, आणि त्या मला सल्ला देत होत्या. :) फोटोतली फाट आणि हाताचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला शस्त्रक्रियाही सुचवली गेली होती. खांद्यावरच्या हाडाचा कंगोरा घासून टेंडनसाठी जागा करायची, अशी. ती मी पैशाअभावी टाळली, शहाणपणानं नव्हे. पुढे २०१७ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या ३२ इस्पितळांतल्या ३१३ रुग्णांवरचा अभ्यास आला. काहींचं हाड खरंच घासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच केलं नाही. खरी आणि लुटुपुटीची शस्त्रक्रिया यांत फरक निघाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. २०१९ साली 'बीएमजे'च्या तज्ज्ञगटानं या प्रकारच्या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

आता थोडं आईबद्दल. तिला विचारून लिहितेय.

आईला अठ्ठावन्नाव्या वर्षी खांदा आखडण्याचा त्रास झाला, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. तिला मधुमेह आहे आणि मधुमेहींमध्ये हे दुखणं जास्त आढळतं. सगळ्यांनी तिला जपलं. आम्हीही जपलं, मीच सगळ्यांत जास्त. भांडी बाईनं घासायची, भाजी मी आणायची, कणीक वहिनीनं मळायची. खांदा दोनेक वर्षांत बराचसा सुटला, पण काढून घेतलेली कामं तिला कुणी परत दिली नाहीत. गेल्या वर्षी श्रावणात ती बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, खरचटलं सुद्धा नाही. पण तिला उठता येईना. हात टेकून अंग वर ढकलायचं तर हातात जोर नाही, पाय रोवायचे तर मांडीत जोर नाही. दीड तास ती ओल्या फरशीवर पडून होती, कामाच्या बाई येईपर्यंत. बाईंकडे किल्ली होती म्हणून बरं. दवाखान्यात ती मला म्हणाली, "लागलं काहीच नाही गं. नुसतं उठता आलं नाही." त्या वाक्यानंतर मला 'जपा' हा शब्द ऐकवत नाही. अठरा वर्षं प्रेमानं आम्ही तिची ताकद काढून घेत होतो.

म्हणून मग 'उचला हो उचला, काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या गोटात मी जाऊन बसले आहे असं समजू नका. माझा दुसरा वाद त्यांच्याशी आहे, 'रेटा'वाल्यांशी.

२०१५ साली एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्या हातात एक किलोचं डंबेल दिलं आणि दीड वर्षात पाच किलोंपर्यंत नेलं. मला पंख फुटले. मी एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या ट्रेनरदादांचा एकच मंत्र, 'नो पेन नो गेन'. खांद्याचं सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, मनातून काढून टाका." आणि पहिल्याच आठवड्यात बार मानेमागून वर ढकलायला लावला. त्या स्थितीत खांदा मागे आणि बाहेर पूर्ण वळलेला असतो, आधीच दुखऱ्या खांद्यासाठी फार अडचणीची जागा. दुखलं. "दुखतंय म्हणजे काम होतंय!" पाच महिने मागे गेले. दीड वर्षात कमावलेलं तीन आठवड्यांत घालवलं. चूक त्यांची, पण माझीही. मला वाटत होतं, की इतकी वर्षं भित्री होते, आता धीट व्हायला हवं.

जपावाले आणि रेटावाले एकमेकांचे शत्रू वाटतात, पण ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही मोजायचा कंटाळा. एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो जमेल तेवढं जास्त. आज किती, काल काय झालं, उद्या किती, हे विचारायची तसदी दोघंही घेत नाहीत.

माझ्या आजोबांच्या माळ्यावर मुद्गलांच्या तीन जोड्या होत्या. लहान, मधली आणि मोठी. लहानपणी आम्ही मोठी उचलायला धावायचो आणि आजोबा हसत लहान हातात द्यायचे. तालमीत गेलेल्या त्या माणसाला हे शिकवायला कुठला अभ्यास लागला नव्हता. तीन जोड्या ठेवल्यात त्या कशासाठी? शून्य आणि मोठी यांच्यामध्ये जागा आहे, म्हणूनच ना!

त्या मधल्या जागेत मी आता आठ वर्षं राहते. माझे नियम साधे आहेत. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकं खाली आलेलं असलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी वजन कमी, पण सुट्टी नाही. वजन वाढवायचं तर अर्ध्या-एक किलोनं. मानेमागून काही ढकलायचं नाही. जमिनीवर पाठ टेकून डंबेल वर ढकलायचं, म्हणजे कोपर जमिनीलाच थांबतं आणि खांदा फार मागे जात नाही. ढकलण्याइतकंच ओढणंही. रबरी पट्ट्याचे कंटाळवाणे प्रकार रोज. आणि ज्या दिवशी खांदा रुसलेला असेल त्या दिवशी पाय आणि पाठ, कारण त्यांनी काय पाप केलंय? सगळं वहीत लिहायचं. दहा-बारा आठवडे झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

खांदा बरा झाला का? नाही. पावसाळ्यात ठणकतो, उजवा हात पाठीमागे अजून पूर्ण जात नाही, वर्षातून एकदोनदा चार आठवडे मागे नेतो. पण जमिनीवरून साठ किलो उचलते आणि साखरेचा डबा उजव्या हातानं काढते. बरं होणं आणि समर्थ होणं वेगळं असू शकतं, हे मला उशिरा कळलं.

उगाच कुणी माझं वाचून उद्या डंबेल आणायला धावू नका. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, खांदा निखळला, ताप आणि सूज आली, तर आधी डॉक्टर. ताजी पूर्ण फाट असेल तर शस्त्रक्रिया लागू शकते, तिथे उशीर करू नये. छातीत दाटून डावा खांदा दुखत असेल तर खांदा विसरा आणि इस्पितळ गाठा. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवीच. माझं भांडण विश्रांतीशी नाही, तारीख नसलेल्या विश्रांतीशी आहे. डॉक्टर 'उचलू नका' म्हणाले, तर तिथेच विचारा, "कधीपर्यंत? आणि मग कितीपासून सुरू करू?"

आई आता शहात्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून ती रोज खुर्चीतून दहा वेळा उठते-बसते, भिंतीला हात टेकून जोर काढते आणि एक किलोचं डंबेल घेऊन हात वर करते. सुरुवातीला माझ्यावर चिडायची, आता वहीत स्वतःच आकडे लिहिते. पंधरा दिवसांपूर्वी ती मुद्दाम जमिनीवर बसली आणि खुर्चीचा आधार घेऊन एकटी उठली. मी पुढे केलेला हात तिनं झटकला.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. आत्या, पुढच्या वेळी तांदूळ येईल तेव्हा पिशव्या पाच-पाच किलोंच्या कर. एक तू घे, बाकीच्या मी घेते.