तिकीट माफ, जागा कुठे?

एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी टोपीही आत पडते. दार उघडेपर्यंत निम्मी गाडी 'भरलेली' असते.

राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत केला. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. आजोबांच्या हातात वाहक शून्य रुपयांचे तिकीट ठेवतो, बसायची सोय मात्र इतरांच्या मर्जीवर. खिडकीवर 'ज्येष्ठ नागरिक' असे रंगवलेले असते. त्याखाली बसलेला तरुण गाढ झोपेचे सोंग घेतो आणि आपला थांबा आला की नेमका जागा होतो.

मुंबईच्या लोकलची रीत वेगळी. तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या अंगाने टेकतो. 'जरा सरका' एवढ्यावर भागते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तो रोजच्या सवयीने टिकला आहे.

एसटीत नियम लिहिलेला आहे, सवय नाही. तिकीट देताना वाहकाने राखीव आसनावरच्या धडधाकट प्रवाशाला उठवावे. रुमाल टाकून राखीव जागा अडवता येणार नाही, हेही महामंडळाने स्थानकांवरील ध्वनिक्षेपकावरून गाड्यांच्या वेळांसोबत सांगायला हवे.