मशीन मिळाले, आता सभागृहांचे बघा




श्रवणयंत्र वाटपाच्या शिबिरांच्या बातम्या जळगाव-धुळ्याच्या पानांवर वरचेवर येतात. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरील गरजूंना साहित्यासाठी 3,000 रुपये खात्यावर मिळतात. हे सगळे हवेच. पण मशीन कानात घालून माणूस जिथे ऐकायला जातो, त्या नाट्यगृहाचा, बँकेच्या खिडकीचा, सिव्हिलच्या ओपीडीचा आणि तहसील कचेरीचा विचार कोणी करायचा?

मी दोन्ही कानांना मशीन लावतो. घरात समोरासमोर एका माणसाशी बोलताना ते छान चालते. सभागृहात मात्र ते हतबल होते आणि त्याचे कारण साधे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. वक्त्यापासून 1 मीटरवर बसणारा 8 मीटरवर गेला की 18 डेसिबल गेलेच. ध्वनिवर्धक लावला तरी भिंतींवरून परतणारा घुमारा राहतोच. मशीन वक्त्याचा आवाज वाढवते, तसा हा घुमारा, पंखा आणि शेजारची कुजबुजही वाढवते. खान्देशात त्यात कूलरची भर. पारा 44 वर गेला असताना कूलर बंद करा असे कोण म्हणेल? खिडकीवर काचेपलीकडचा कारकून काय बोलला ते कळत नाही, पाठीमागचा कूलर मात्र स्वच्छ ऐकू येतो. मग कारकून ओरडतो आणि रांग वळून बघते. ओरडून शब्द स्पष्ट होत नाहीत, कारण वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. ‘स’ हरवला की साठचे आठ होतात. औषधाची मात्रा किंवा बँकेतली रक्कम ऐकताना हा फरक लहान नसतो.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. सभागृहाच्या कडेने किंवा खिडकीच्या टेबलाखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे टाकायचे आणि माइकचा आवाज एका अॅम्प्लिफायरमधून त्यात सोडायचा. याला इंडक्शन लूप म्हणतात. कानामागच्या पुष्कळ मशीनमध्ये टेलिकॉइल असते, ते या तारेचे चुंबकीय क्षेत्र पकडते. मशीन ‘टी’ वर घेतले की माइकमधला आवाज थेट कानात येतो, मधला कूलर आणि घुमारा गळून पडतो. नवे यंत्र नको, मोबाइल जोडणे नको. अगदी लहान, कानाच्या आत बसणाऱ्या मशीनमध्ये टेलिकॉइल बहुधा नसते, म्हणून विकत घेतानाच ते आहे का आणि चालू करून दिले का, हे विचारावे. दुकानात बहुतेकांना हे कोणी सांगत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे.

लूपचा मी एवढा आग्रह धरतो, कारण लूप प्रमाणपत्र मागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारा’ ठरायला दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची घट लागते. 45-50 डेसिबल घट असलेला निवृत्त शिक्षक किंवा धुळ्याच्या यंत्रमागावर, जळगावच्या डाळ मिलमध्ये उभी हयात काढलेला कामगार त्या व्याख्येत बसत नाही. कार्ड नाही म्हणून सवलत नाही. पण सभेत त्यांनाही ऐकू येत नाही. हळूहळू ते सभेला येणेच सोडतात आणि घरचे म्हणतात, बाबा आता अबोल झाले.

कायदा आपल्या बाजूने आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून 5 वर्षांत सुगम कराव्यात असे याच कायद्याचे कलम 45 सांगते. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. सुगम बांधकामाच्या 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ऐकण्यास मदत करणाऱ्या यंत्रणांचाही विचार आहे. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतला सुगमतेचा नियम 15(1) अवैध ठरवला, कारण तो नुसत्या शिफारशींवर थांबत होता, आणि केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितले. तरी आपल्याकडे सुगम इमारत म्हणजे रॅम्प, असाच समज आहे. रॅम्प हवाच. पण रॅम्पवरून आत आलेल्याला आत काय चालले आहे ते कळायलाही हवे.

पैसे नाहीत, हे कारण मला पटत नाही. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. एका खिडकीचा लूप म्हणजे एक माइक, एक लहान अॅम्प्लिफायर आणि एक वेटोळे. कोणी म्हणतील, नंबरचा स्क्रीन लावा. तोही लावा, पण डॉक्टरांशी बोलणे स्क्रीनवर होत नाही. लावलेला लूप बंद पडून राहील, ही शंका मात्र खरी आहे. म्हणून बसवण्याच्या कंत्राटातच देखभाल असावी, दारावर कानाचे ‘टी’ चिन्ह असावे आणि तो चालू कसा करायचा हे शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना ठाऊक असावे.

सुरुवात जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहापासून आणि जळगाव-धुळे या दोन्ही शहरांच्या सरकारी दवाखान्यांतील एकेका नोंदणी खिडकीपासून करावी. जळगाव आणि धुळे महापालिकांनी येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद दाखवावी. लूप बसला की तो नीट चालतो का, हे मशीन वापरणाऱ्यानेच सांगायचे असते. त्यासाठी वेगवेगळ्या रांगांत बसून तपासायला मी आणि माझ्या ओळखीतले मशीनवाले कधीही यायला तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जळगाव