पात्याची पाठचिकित्सा

कोल्हापुरात जुनी तलवार घेणाऱ्या नवशिक्याच्या पदरात आधी कथा पडते, मग तलवार. माझ्याही पडली: ‘सरदार घराण्यातली, मोगलांशी लढलेली.’ वर्गात पाठचिकित्सा शिकवणाऱ्याने प्रत न पाहताच परंपरेवर विश्वास ठेवावा, हे लाजिरवाणेच. त्याहून वाईट म्हणजे मी पॉलिश पेपरने गंज काढला. मुठीलगतचा पुसट ठसाही त्याबरोबर गेला. ते पाते कुठले, हे सांगू शकणारी तेवढीच एक खूण होती.

जपानी तलवारीची बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते. आत दडलेल्या भागावर पुष्कळदा कारागिराचे नाव सापडते आणि तिथला गंज जाणकार मुद्दाम राखतात. आपल्याकडे पाते मुठीत लाखेने पक्के बसवलेले. वाचायचे ते बाहेरच. त्यातही मूठ इथली आणि पाते युरोपातले, असा संकर नेहमीचा. त्यालाच ‘फिरंग’ म्हणत. करवीरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली तलवार, जिला अनेक जण शिवछत्रपतींची ‘जगदंबा’ मानतात, तिचे पातेही युरोपीय आहे. त्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरे आहेत. व्याख्यानांत ती अक्षरे गाळलेली मी ऐकली आहेत. का गाळावीत? चांगले पोलाद मिळेल तिथून घेणारा राजा मला तरी अधिकच मोठा वाटतो. अक्षरे गाळणे हेही घासकामच, माझ्यासारखे.

माझी तलवार आता भिंतीवर आहे, चकचकीत. पाहुण्यांना ती फार आवडते.