काय मोडू द्यायचं ते आधी ठरवा

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर नव्यानं घेतलेल्या, पहिल्या दोन-चार आपटण्यांतून सावरलेल्या आणि आता मोबाइलवर ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांचे फोटो बघत बसलेल्या सगळ्यांना एक विनंती आहे. ऑर्डर देण्याआधी आठवडाभर थांबा.

तुमचा हिशेब मला कळतो. हेलिकॉप्टर पडलं, प्लॅस्टिकचा भाग तुटला. तोच भाग धातूचा घेतला तर पुन्हा तुटणार नाही. हिशेब निम्मा बरोबर आहे. तो भाग तुटणार नाही हे खरं, पण फिरत्या पात्यांमध्ये साठलेली ताकद जमिनीला टेकल्यावर कुठेतरी जाणारच. एका भागानं ती घेतली नाही तर ती पुढच्या भागावर जाते, आणि पुढचा भाग बहुतेक वेळा जास्त महाग असतो.

उदाहरणाला तैवानच्या अलाइन कंपनीचं टी-रेक्स 450 घेऊ. या मापाची हेलिकॉप्टरं इतकी रुळली की ‘450’ हा एक वर्गच होऊन बसला, आणि त्याच्या नकलांचे सुटे भाग पुष्कळदा एकमेकांना बसतातही. पातं 325 मिलिमीटरचं, दोन्ही पाती मिळून फिरणारं वर्तुळ साधारण 70 सेंटिमीटरचं. मिनिटाला 2800 फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी 360 किलोमीटरच्या पुढे जातो. असं पातं जमिनीत घुसलं की आधी पातं फुटतं. मग फेदरिंग शाफ्ट, म्हणजे दोन्ही ब्लेड ग्रिपमधून आरपार जाणारा पोलादी दांडा, वाकतो. मग मुख्य गिअरचे दोन-चार दाते उडतात. हे तिन्ही भाग स्वस्त आहेत आणि घरच्या टेबलावर ॲलन की घेऊन बदलता येतात. आता याच यंत्राला कार्बनची ताठ पाती, सगळं डोकं (पाती धरणारा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आणि वर धातूचा गिअर बसवा. तोच अपघात झाला तर मुख्य शाफ्ट वाकेल, फ्रेममधल्या बेअरिंगच्या जागा निसटतील, सर्व्होचे, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींचे, दाते जातील आणि मोटरचा शाफ्टही वाकू शकेल. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून कटआउटमध्ये जाड तार घालण्यातलाच हा प्रकार आहे.

तर मग काहीच मजबूत करायचं नाही का? करायचं. पण त्याआधी यंत्रातल्या प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: हा भाग हवेत असताना निकामी झाला तर काय होईल? ज्याच्या निकामी होण्यानं हेलिकॉप्टर हवेतून खाली येईल त्याच्यावर पैसा आणि वेळ घाला. जो फक्त जमिनीवर आपटल्यावर तुटतो, त्याला तुटू द्या आणि त्याचे जादा नग डब्यात ठेवा. उतरायचे स्टँड, शिकाऊ पाती, टेल बूम, काचेसारखी दिसणारी ती पुढची टोपी, हे सगळे या दुसऱ्या, जमिनीवरच्या यादीतले. फेदरिंग शाफ्ट आणि मुख्य गिअर दोन्ही याद्यांत येतात, म्हणून ते वाकू आणि तुटू द्यायचे, पण वाकलेले किंवा दाता उडालेले कधीही पुन्हा हवेत न्यायचे नाहीत.

हवेतल्या यादीत सगळ्यात वरचा भाग बघायला गेलं तर क्षुल्लक वाटतो. फेदरिंग शाफ्टच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात आणि प्रत्येक पातं ग्रिपमध्ये एकेका बोल्टवर धरलेलं असतं. 450 चं एक पातं पंचवीस-तीस ग्रॅमचं धरा. 2800 फेऱ्यांना ते बाहेरच्या बाजूला चाळीस ते पन्नास किलोच्या ओढीनं खेचत असतं. म्हणजे एका बारीक स्क्रूवर सिमेंटच्या गोणीएवढा भार. तो स्क्रू हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा साधा स्टीलचा स्क्रू आणून लावणारे लोक आहेत. कृपया हे करू नका. तिथे उच्च ताणाच्या पोलादाचा, त्याच कामासाठी बनवलेलाच स्क्रू लागतो. आणि जोराचं आपटणं झालं की फेदरिंग शाफ्टबरोबर हे दोन्ही स्क्रूही फेकून द्यायचे, डोळ्यांना कितीही चांगले दिसले तरी. शाफ्ट वाकलाय की नाही हे काचेच्या तुकड्यावर गडगडवून बघा. अडखळत, उड्या मारत गेला तर तो गेला.

डोकं उघडलंच आहे तर थ्रस्ट बेअरिंगही बघा. त्याच्या दोन चकत्यांची भोकं सारखी नसतात. मोठ्या भोकाची चकती आत, म्हणजे हबच्या बाजूला, आणि लहान भोकाची बाहेर. उलटी बसली तर बेअरिंग भार घेत नाही, ग्रिप जड फिरते आणि माणूस दोष सर्व्होला देतो. मधे थोडं ग्रीस हवं.

मग लॉकटाइट. धातूत धातूचा जो स्क्रू जातो, त्या प्रत्येकाला निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एक ठिपका लागतो. कारखान्यातून जोडून आलेल्या हेलिकॉप्टरवर विश्वास ठेवू नका. एकेक स्क्रू काढा, आटे स्पिरिटनं पुसून तेल घालवा, ठिपका द्या, पुन्हा बसवा. एक संध्याकाळ जाईल. माझ्या मते या छंदातली सगळ्यात मोलाची ‘अपग्रेड’ हीच आहे आणि ती एका बारक्या बाटलीत मिळते. मात्र प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला हे द्रव्य लावू नये. काही प्रकारच्या प्लॅस्टिकला त्यानं बारीक तडे जातात, आणि ते तडे उड्डाणातच कळतात.

सर्व्होच्या बाबतीत मी धातूच्या बाजूनं आहे. प्लॅस्टिकचा दाता अर्धवट चिरतो, टेबलावर सगळं ठीक चालतं आणि हवेत जोर आला की निसटतो. म्हणजे हा हवेतल्या यादीतला भाग झाला. 450 च्या स्वॉशप्लेटला, म्हणजे सर्व्होंची हालचाल पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या चकतीला, धातूच्या दात्यांचे सर्व्हो लावणं पैसे सार्थकी लावणं आहे. बॉल लिंक मात्र प्लॅस्टिकच्याच राहू द्या. बोटांनी हलवून खुळखुळ जाणवली की बदला. त्या अगदी स्वस्त असतात, तरी लोक त्याच पुन्हा पुन्हा दाबून बसवतात. बेअरिंगचंही तसंच. त्यांचे नंबर जगभर एकच असतात: 693 म्हणजे आतला व्यास 3 आणि बाहेरचा 8 मिलिमीटर. म्हणून हेलिकॉप्टरचं नाव घेऊन न शोधता नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा.

इतकं बजावण्याचं कारण पाती आहेत. सप्टेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका उद्यानात 19 वर्षांचा एक सरावलेला तरुण स्वतःचंच मॉडेल हेलिकॉप्टर लागून जागीच मरण पावला. ते 700 वर्गातलं होतं, 450 पेक्षा बरंच मोठं. पण 450 सुद्धा हाडापर्यंत कापू शकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पोरांच्या घोळक्यात ते उडवणाऱ्याला जवळच्या माणसानं थांबवलंच पाहिजे.

आता तळहातावर मावणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरांकडे वळू, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही911 किंवा एक्सकेचं के110 अशा यंत्रांना निसर्गानंच एक कवच दिलेलं असतं: त्यांचं हलकेपण. गवतावर पडली की पुष्कळदा काहीच होत नाही. त्यांना ॲल्युमिनियमचं डोकं लावलं की वजन वाढतं, उड्डाणाचा वेळ घटतो, मोटर तापते आणि पडताना जोर वाढतो. शिवाय प्लॅस्टिक वाकून परत येतं. स्वस्त ॲल्युमिनियम वाकतं ते वाकलेलंच राहतं, आणि तेही डोळ्यांना दिसणार नाही इतकंच, फक्त थरथर सुरू होते. एका सेलच्या यंत्राला दोन सेलची बॅटरी जोडून ‘पॉवर वाढवणं’ हा तर बारक्या ब्रशवाल्या मोटरी जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

या लहानांसाठी खरे उपाय घरातलेच आहेत. टेल बूमची पोकळ कार्बन नळी चिरली तर कार्बनच्या बारीक काडीची खपची लावा, वरून शिवणाचा दोरा घट्ट, शेजारी-शेजारी गुंडाळा आणि त्यावर फेविक्विक मुरू द्या. बऱ्याच यंत्रांत शेपटीच्या मोटरची केसासारखी तार बूमच्या आतून जाते, म्हणून आधी तिच्याकडे बघा. टोपीला आतून पातळ फायबर टेपच्या दोन पट्ट्या. नायलॉनचे स्टँड सारखे कडकन मोडत असतील तर नवे बसवण्याआधी काही मिनिटं पाण्यात उकळून घ्या. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलाव्यानं चिवट होतं. सुकं नायलॉन ठिसूळ असतं. गिअरला मात्र हा प्रयोग नको, कारण पाण्यानं तो किंचित फुगतो आणि दाते जाम बसतात.

कार्बन फायबरच्या फ्रेमचा मोह मला समजतो, दिसतेच ती देखणी. ती ताठ असते, थरथर कमी करते, हे खरं. पण कार्बन विजेचा वाहक आहे आणि रेडिओचा संदेश अडवतो, म्हणून रिसीव्हरच्या ॲन्टेनाची टोकं फ्रेमच्या बाहेर, एकमेकींशी काटकोनात यायला हवीत. फ्रेमच्या धारेवर तारा घासून त्यांचं वेष्टण निघतं. बसवण्यापूर्वी सगळ्या धारा बारीक पॉलिश पेपरनं, पाण्यात भिजवून, तोंडाला मास्क लावून मोडून घ्या. ती काळी धूळ फुप्फुसात जायला नको. पट्ट्यानं शेपूट फिरवणाऱ्या यंत्रात पट्टा घासून स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणगीनं सर्व्हो उगाच झटके देतात. मोटर आणि टेल बूम एका तारेनं जोडली की हा त्रास पुष्कळदा थांबतो.

यंत्र वाचवणारी सगळ्यात मोठी गोष्ट विकत मिळत नाही. ट्रान्समीटरवर ‘थ्रॉटल होल्ड’ची कळ असते. हेलिकॉप्टर हातातून गेलं असं वाटताक्षणी, जमिनीला टेकण्याआधी, ती ओढायची. मोटर बंद झालेलं यंत्र पडलं तर पाती जातात. मोटर चालू असताना पडलं तर सगळी गिअरमाळ जाते. हा हात अंगवळणी पडायला सिम्युलेटर हवा. रिअलफ्लाइटसारखे सिम्युलेटर विकत मिळतात. ज्या पैशांत धातूचं डोकं घेणार होतात ते तिथे घाला. आणि शिकताना खाली आडव्या दोन काड्यांची फुली बांधून चारी टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावा. हेलिकॉप्टर विदूषकासारखं दिसतं, पण ते कलंडत नाही, आणि सुरुवातीची निम्मी मोडतोड कलंडण्यातूनच होते.

इतिहासही हेच सांगतो. 1970 च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी मॉडेल हेलिकॉप्टर खऱ्या अर्थानं ताब्यात आणलं, ते धातू जाड करून नव्हे, तर मुख्य पात्यांना आडवी, टोकाशी छोटी पाती असलेली फ्लायबार वापरून. आता तिचं काम जायरो करतो. तो जायरो थरथरीनं गोंधळतो, म्हणून दोन पात्यांचं वजन जुळवणं आणि फिरताना त्यांची टोकं एका पातळीत आणणं, एवढ्या दोन गोष्टी कुठल्याही चकचकीत भागापेक्षा यंत्राला जास्त स्थिर करतात.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम 2021 मध्ये पंखवाली विमानं आणि फिरत्या पात्यांची यंत्रं दोन्ही येतात. 250 ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचं मायक्रो. 450 मायक्रोत बसतं. छंदाचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. मैदान निवडण्याआधी हवाई नकाशात ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते बघा. मुंबई-पुण्यात, विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि ज्यांनी ॲल्युमिनियमचा सेट आधीच मागवलाय, तो उद्या-परवा कुरिअरनं घरी येणार आहे, त्यांनी तो परत पाठवायची गरज नाही. बसवा. पण ग्रिपमधले बेअरिंग काढून साफ करा, सेटबरोबर आलेले स्क्रू न ठेवता हेलिकॉप्टरच्या मूळ कंपनीचे लावा, प्रत्येकाला निळा ठिपका द्या. मुख्य गिअर प्लॅस्टिकचाच ठेवा, पाती लाकडाची किंवा फायबरग्लासची लावा, कार्बनची नकोत. पहिल्यांदा फिरवताना दहा पावलं लांब उभे रहा, पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत डोकं येणार नाही असे; एक मिनिट जमिनीवरच फिरवा, बॅटरी काढा, आणि मग एकेक स्क्रू पुन्हा हातानं तपासा.