पिंजऱ्यातली कोंबडी आणि ताटातली मासवडी

१९४२ च्या ऑगस्टपासून पुढची अडीच-तीन वर्षे अहमदनगरच्या किल्ल्यात राष्ट्रीय चळवळीचे जे नेते बंदिवासात होते, त्यांत नेहरू होते, आचार्य नरेंद्र देव होते आणि मौलाना आझादही होते. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधली. प्रथम त्यांनी त्यांना हुसकावण्याचा चंग बांधला, मग हार मानून तह केला आणि तांदळाचे दाणे टाकता टाकता चिमण्या हातावर येऊन बसू लागल्या. ‘गुबार-ए-खातिर’ या पत्रसंग्रहात ही हकीकत आली आहे. स्वतः कोंडल्या गेलेल्या माणसाला पाखराच्या मोकळेपणाचे मोल कळले, यात नवल काही नाही. योगायोग असा की नेहरू, आझाद वगैरे मंडळी कैदेत असतानाच, १९४४ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने मूठभर मित्रांना घेऊन एक संस्था काढली आणि तिच्यासाठी ‘व्हीगन’ हा शब्द घडवला. मांस तर नाहीच, पण दूध, तूप, अंडे, मधही नाही, असा हा आहार.

आज त्या किल्ल्याच्या जिल्ह्यातून (अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले आहे) पहाटे कोंबड्यांचे जाळीदार खोके रचलेल्या गाड्या धावतात. संगमनेर, अकोले या भागांत पत्र्याच्या लांबलचक शेडी ऊसमळ्यांइतक्याच ओळखीच्या झाल्या आहेत. आणि याच काळात शहरांतील काही तरुण मंडळी बाजारातून वा शेडीतून टाकून दिलेल्या कोंबड्या घरी आणून पोसू लागली आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरातून दूध-अंडे हद्दपार झाले आहे. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना या प्रकाराचे हसू येते. ज्यांना दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नाही त्यांचे हे चोचले, असा शेरा मारून विषय संपवला जातो. विषय इतका स्वस्तात संपणारा नाही.

टाकून दिलेली कोंबडी म्हणजे कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. आठवडेबाजारात टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्ले मिळतात. मुले हट्टाने घेतात आणि ती बहुधा चार दिवसांत मरतात. ही पिल्ले येतात कोठून? अंड्यांसाठी पैदा केलेल्या जातीत नर निरुपयोगी असतो. तो अंडे देत नाही आणि मांसाच्या जातीइतक्या वेगाने वाढतही नाही. म्हणून अंडी उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी निवडून नरांना मारले जाते, किंवा रंग फासून कवडीमोलाने बाजारात सोडले जाते. मादीचे भाग्य फार निराळे नसते. परसातली गावरान कोंबडी काही अंडी घालून खुडूक होते, अंड्यांवर बसते, पिल्ले फिरवते. संकरित लेअर कोंबडीची खुडूक होण्याची वृत्तीच पैदासकारांनी निवडीने जवळजवळ नाहीशी केली आहे. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. वहीच्या पानाएवढ्या जागेत, तारेच्या जाळीवर, पंख न पसरता. ७२ ते ८० आठवड्यांनी अंडी घटली की ती विकली जाते.

अशी कोंबडी कोणी घरी आणली तर तिला पहिले काही दिवस मातीवर नीट चालताही येत नाही. कवचासाठी अंगातला चुना सतत खर्ची पडल्याने तिची हाडे ठिसूळ झालेली असतात. म्हणून व्हीगन पाळणारे तिची अंडी स्वतः न खाता, उकडून कवचासकट कुस्करून तिलाच चारतात. मांसाच्या जातीची, जिला गावोगावी ‘बॉयलर’ म्हटले जाते, तिची अवस्था याहून विचित्र. सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाण्यासाठीच ती घडवलेली असते. तिला जगवायचे तर पोटभर खाऊ घालून चालत नाही. मोजून-मापून दिले नाही तर वजनाने पाय मोडतात, हृदय थांबते. भुकेल्याला पोटभर वाढावे हा साधा माणुसकीचा नियमही जिथे लागू पडत नाही, असा जीव कारखानदारीने निर्माण केला आहे.

येथवरची गोष्ट दयेची झाली. मालकीची त्यापुढची आहे. बॉयलरच्या आजी-आजोबा पिढीची पैदास जगात मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. करार पद्धतीत एका दिवसाचे पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, आणि तयार झालेला पक्षीही कंपनीचाच. शेतकऱ्याची काय ती शेड, वीज, पाणी, रात्रीचे जागरण आणि बँकेचा हप्ता. त्याला किलोमागे ठरावीक मोबदला मिळतो. मरतूक वाढली वा खाद्य जास्त लागले तर त्यातून कपात होते. खाद्याची प्रत आणि पिल्लाची जात मात्र त्याच्या हातात नसते.

नगर-संगमनेरच्या कार्यकर्त्यांना ही पद्धत नवी वाटू नये. विडी कामगार बाईला पान आणि तंबाखू कारखान्यातून मिळतो, ती घरी बसून विड्या वळते, हजारामागे मजुरी मिळते आणि ‘छाट’ काढून तिच्या मजुरीला कात्री लागते. त्या पद्धतीविरुद्ध लढूनच १९६६ चा विडी कामगार कायदा पदरात पडला. कोंबडीच्या शेडीतला करारी शेतकरी हा त्याच साखळीतला माणूस आहे. फरक इतकाच की कागदोपत्री तो ‘उद्योजक’ आहे, म्हणून त्याला कामगाराचे संरक्षण नाही आणि त्याच्याजवळ स्वतःचा माल नाही, म्हणून त्याला शेतकऱ्याचा भावही नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि महाराष्ट्रात भाव कोसळले. जिवंत पिल्ले खड्ड्यांत पुरली गेली. पालघर जिल्ह्यात एका व्यावसायिकाने लाखो अंडी आणि दीड लाखाहून अधिक पिल्ले नष्ट केल्याचे वृत्त तेव्हा आले होते. त्या दिवसांत पिल्लाचा जीव आणि शेडमालकाचा हप्ता एकाच खड्ड्यात गेले, ही गोष्ट कोंबडीवर दया करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी आणि तिची थट्टा करणाऱ्यांनीही.

मग कोंबड्या घरी आणून पोसणे हा मार्ग आहे काय? एक साधा हिशेब मांडून पाहावा. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) माणसाला महिन्याला ५ किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य मिळते. विकतच्या दाण्यावर पोसलेली एक कोंबडी माणसाचे आठ महिन्यांचे रेशन खाते. दहा कोंबड्यांचा आश्रम काढला तर पावणेसात माणसांचे. १९६९ साली गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाशी भारतातल्या गुरांवरून वाद घातला होता. निरुपयोगी गुरे उपयोगी गुरांच्या चाऱ्यात वाटेकरी होतात, हा दांडेकरांचा मुद्दा श्रद्धाळूंना कटू वाटला तरी खोडून काढणे सोपे नव्हते. परसात किडे, सांडलेले दाणे आणि खरकटे टिपणाऱ्या पाच कोंबड्यांना हा हिशेब लागू होत नाही. २०१९ च्या पशुगणनेत अशा परसातल्या कोंबड्या मागील गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, हे बरेच आहे. पण पंच्याऐंशी कोटींच्या घरातले देशातले कुक्कुटधन कोणाच्या गच्चीवर मावणार नाही. एखाद्याने दोन कोंबड्या वाचवल्या तर ते भले काम आहे. त्याला धोरण म्हणता येत नाही.

धोरण म्हणावे असे काही आधीच कागदावर आहे. प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! विधी आयोगाने २०१७ च्या जुलैत आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचा आणि वाहतुकीचाच प्रश्न हाती घेतला. युरोपीय संघात साधे बॅटरी पिंजरे २०१२ पासून बंद झाले. जर्मनीने नर पिल्ले मारण्यावर २०२२ पासून बंदी घातली. या बदलांचा खर्च उत्पादकाने सोसायचा की करारी शेतकऱ्याच्या माथी मारायचा, हा खरा राजकीय झगडा आहे आणि त्यात समाजवादी पक्षाला काही म्हणायचे असले पाहिजे.

महाराष्ट्रात मात्र दया निराळ्या वाटेने चालली आहे. २०१५ च्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि भाकड जनावराचा खर्च गरीब शेतकऱ्याच्या गोठ्यात बांधला गेला. संकरित गायीचे गोऱ्हे रस्त्यावर आले. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाय ‘राज्यमाता’ झाली आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दररोज ५० रुपयांचे अनुदान ठरले. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या अंड्याचा निधी सरकारने काढून घेतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ही योजना. अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याची सोय तीत होतीच, म्हणजे सक्तीचा प्रश्न नव्हता. पाच-सहा रुपयांचे एक अंडे, आठवड्यातून एकदा, तेवढे तिजोरीला जड झाले.

व्हीगन तरुणांची परीक्षा येथे आहे. स्वतःच्या ताटातले अंडे सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो सोडणारा आदरास पात्र आहे. अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकर, महादेव कोळी मुलाच्या ताटातले अंडे काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांनी ते काढले त्यांना कोंबडीची कणव नव्हती. त्यांना सोवळ्याची काळजी होती. या दोन गोष्टींत गल्लत होऊ देता कामा नये. खरे पाहता व्हीगन विचार सोवळ्याच्या मुळावरच घाव घालतो. ज्या ‘शुद्ध’ ताटाचा एवढा तोरा मिरवला जातो ते दूध, दही, तूप आणि पंचामृतावर उभे आहे. आणि तुपामागेही आईपासून तोडलेले वासरू आहे, हे सांगण्याचे धैर्य या तरुणांनी दाखवले आहे. संगमनेर-राहुरीच्या दूध उत्पादकाला हे ऐकणे रुचणार नाही. दोन गायींवर ज्याचे घर चालते त्याच्याशी हा संवाद भावाच्या आणि पर्यायी उत्पन्नाच्या भाषेतच करावा लागेल.

ताटाचाच विषय निघाला तर या जिल्ह्याला बदामाचे दूध आणि परदेशी डबे शिकवण्याची गरज नाही. मासवडीत मासा नसतो. बेसन शिजवून घट्ट गोळा करायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण भरून माशासारखी वळकटी करायची, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायच्या. पाहुणा आला, कोंबडी कापण्याची ऐपत वा इच्छा नसली, तर घरच्या बाईने याच मासवडीने अब्रू राखली. पावसाळी रात्री उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडलेले हुलग्याचे शेंगोळे, तापातून उठलेल्याला हुलग्याचे माडगे, शेतावर दाण्याच्या कुटातला ठेचा. यांतल्या एकालाही दूध-अंड्याचा स्पर्श नाही. जिराईत हलक्या जमिनीत, पारनेर-पाथर्डी-जामखेडच्या बाजूला, हुलगा थोड्या पावसावर येतो आणि प्रथिनांत कोणत्याही डाळीच्या तोडीचा असतो. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल-घेवड्याची जी वाणे जपली, तीही याच ताटाची ठेव आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि संकरित कोंबडी स्वतः पिल्ले काढत नाही. दोन्हींतली युक्ती एकच आहे.

पण या ताटाचे गोडवे गाताना विसरू नये की ते पुष्कळांच्या वाट्याला निवडीने आलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी मिलो आणि सुकडी खाल्ली. तीत अंडे नव्हते म्हणून तिला कोणी अहिंसक आहार म्हणणार नाही. व्हीगन आहारात बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावे लागते. शहरातल्या माणसाला गोळी मिळते, पाड्यावरच्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्यांसाठीही खेटे घालावे लागतात. जोवर डाळ रेशनवर भरपूर आणि नियमित मिळत नाही तोवर तिला अंडे सोडायला सांगणे हा उद्धटपणा आहे. शाळेचे अंडे परत मिळवावे, आणि ते पिंजऱ्यातून न घेता अकोल्याच्या महिला गटांच्या परसातून घ्यावे, अशी मागणी करता येते. तीत कोंबडीही मोकळी राहते, बाईच्या हातात चार पैसेही येतात आणि मुलाचे ताटही रिकामे राहत नाही. किंमत थोडी जास्त पडेल. ती सरकारने द्यावी.

जिल्ह्यात शिबिरे होतात तेव्हा जेवणाचा बेत ठरवताना वाद होतो तो पनीर की कोंबडी असा. पुढच्या शिबिरात एक वेळ मासवडी-भाकरी ठेवावी आणि जेवणानंतरच्या बैठकीला दोन-चार करारी शेतकऱ्यांना कराराच्या प्रतीसह बोलवावे. करार इंग्रजीत असेल तर तो ओळीओळीने मराठीत वाचून दाखवावा, आणि कपातीचे कलम आले की थांबून विडी कामगार बायकांना विचारावे, हे त्यांनी कोठे पाहिले आहे का.