आरोग्याच्या गोष्टी : चिनी धान्यत्याग आणि आपली एकादशी

आषाढी एकादशीस पुण्याच्या पेठांतून हिंडणाऱ्यास घराघरांतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास येतो, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण किती अनुभवाची आहे हें पटतें. चीन देशांतील ताओपंथीयांचें एक व्रत याच जातीचें आहे. त्याचें नांव ‘बिगू’, म्हणजे धान्य वर्ज्य करणें. शरीरांतील तीन कृमी धान्यावर पोसून आयुष्य कुरतडतात, अशी त्यांची समजूत. म्हणून दीर्घायुष्येच्छु साधक तीळ, बोरें, देवदारवर्गीय झाडांच्या बिया यांवर राहून श्वासाचा अभ्यास करीत. चांगशा शहरीं मावांगदुई येथें इ. स. पूर्वी १६८ सालच्या थडग्यांत १९७३ मध्यें एक रेशमी लेख सांपडला. एका वनस्पतीची मात्रा चंद्रकलेबरोबर रोज वाढवावी व पौर्णिमेनंतर तशीच घटवावी, असें त्यांत सांगितलें आहे. आपल्या चांद्रायणाची आठवण कोणास होणार नाहीं?

तथापि ताओपंथीच असलेल्या गे हुंग यानें चौथ्या शतकांत स्पष्ट लिहिलें कीं, धान्य सोडल्यानें धान्याचा खर्च वांचतो. तेवढ्यानेंच आयुष्य वाढत नाहीं. चरकानेंही लंघनाचे दहा प्रकार सांगतांना उपवास हा त्यांतील एक गणला आहे. व्यायामही त्याच यादींत आहे.

आतां आपलें फराळाचें ताट पाहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतील! साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेह्याची साखर तो भराभर चढवितो. उलट, साखर उतरविणारी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन निर्जळी करणाऱ्या वृद्धेची साखर इतकी खालीं जाऊं शकते कीं घाम, कांप व ग्लानि येऊन शुद्ध हरपते. एकत्र कुटुंबांत सासूबाईंस ‘आज खा’ म्हणण्याचा धीर सुनेस होत नाहीं, मुलगा विषय काढीत नाहीं, आणि ग्लानीस उपवासाचा थकवा समजून त्यांस निजवून ठेवितात. अशीं लक्षणें दिसतांच साखरपाणी पाजावें. शुद्ध नसल्यास तोंडांत कांहीं न घालतां तत्काळ रुग्णालय गांठावें. आषाढीच्या आठ दिवस आधींच डॉक्टरांस गोळ्यांची मात्रा विचारून ठेवावी. धर्मशास्त्रानें व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, मुळें, फळें, दूध यांच्या जोडीस औषधही त्यांत आहे. हा आधार सासूबाईंस सुनेनें नव्हे, मुलानें दाखवावा.