खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

जे पीक कापावयाचे नाही, विकावयाचे नाही, ते शेतकऱ्याने पेरावे कशासाठी? अमेरिकेतील मेरीलँड राज्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर विचारार्ह आहे. तेथे हंगामाअखेर शेतात उरलेले नत्र पाण्याबरोबर झिरपून चेसापीक उपसागरास मिळते. शेवाळ माजते, प्राणवायू घटतो आणि जलचर गुदमरतात. मेरीलँड विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ रे वाइल यांनी यावर चाऱ्याच्या मुळ्याचा अभ्यास केला. ऑगस्टअखेरीस पेरलेला हा मुळा घट्ट जमीन भेदून खोल जातो, नत्र शोषतो आणि कडाक्याच्या थंडीत आपोआप मरतो.

परंतु बियाण्याचा खर्च शेतकऱ्याचा आणि स्वच्छ पाण्याचा लाभ मात्र उपसागरावर जगणाऱ्या कोळ्यांचा. अशा ठिकाणी बाजारपेठ मुकी असते. म्हणूनच ते राज्य आच्छादन पिकांना एकरी अनुदान देते.

अर्थात केवळ पैशाने सारे साधत नाही. कुजलेल्या मुळ्यातील नत्र वसंतारंभीच मोकळे होते. पुढील पेरणी लांबल्यास तेही वाहून जाते. म्हणून सोबत थंडी सोसणारे तृणधान्य पेरावे लागते.

आपल्याकडे ताग, धैंचा गाडण्याची रीत जुनीच आहे. पण युरियाचे पोते सरकारी तिजोरी स्वस्त ठेवते, आणि तागासाठी शेत अडवून ठेवणाऱ्या अल्पभूधारकास बियाणे सवलतीत मिळाले, तरी त्याचा बुडालेला हंगाम कोण भरून देणार? जमिनीचा कस ही साऱ्या समाजाची ठेव असेल, तर तिचा हप्ता एकट्या शेतकऱ्याने का भरावा?